चौघांच्या गळ्यात एकच टाय

टायच. आधी टायच दिसला मला, दुसरं काही नाही, आणि तुम्हाला सांगते, तेव्हाच मी पुण्याच्या त्या संस्थेचं माहितीपुस्तक मिटून ठेवायला पाहिजे होतं, पण कुणी गुळगुळीत कागद हातात दिला की आपण आधी त्याचा वास घेतो, तसा मी घेतला, आणि मग पान उलटलं तर चार पोरं, तिथून शिकून गेलेली. चौघंही हसतायत. पहिल्याच्या खाली लिहिलंय हॅम्बुर्ग, दुसऱ्याच्या खाली सिंगापूर, तिसऱ्याच्या खाली दुबई, आणि चौथ्याच्या खाली 'स्वतःचा आंतरराष्ट्रीय व्यवसाय, पुणे'. शेजारी पगाराचे आकडे असे, की आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, चष्मा काढून पुसला. सगळं घर बघत होतं पगार आणि मी बघत होते गळा. तपकिरी टाय, त्यावर तिरक्या पिवळ्या पट्ट्या, आणि टोकाशी डाव्या अंगाला एक डाग, वरणाचाच असावा असा. हॅम्बुर्गला डाग, सिंगापूरला डाग, दुबईला डाग, पुण्यालाही डाग. आता मला सांगा, चार देशांतली चार माणसं नेमकी एकाच जागी वरण सांडतात का? पोरं चार, देश चार, आणि टाय तोच.

मी म्हटलं, "दादा, टाय तोच आहे." दादा म्हणाले, "मग? युनिफॉर्म असंल." डाग पण युनिफॉर्मचाच का, असं विचारणार होते, पण नाही विचारलं, कारण मी घाबरट आहे हे आमच्या घरात केव्हाच ठरलंय. कुकरची शिट्टी झाली की मी उडते, पोस्टमननं सायकलची घंटी वाजवली की माझ्या हातातलं भांडं पडतं, त्यामुळं माझ्या भीतीला घरात भाव नाही. 'गीता घाबरली' म्हणजे 'आज मंगळवार आहे' एवढीच बातमी.

पण मला जायचंही होतं ना तिथं. तीच तर गोची. नको असतं तर टायकडं बोट दाखवून मोकळी झाले असते. आमचे दादा वाळूजला एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आहेत, लाकडी पेट्या ठोकतात. एकदा डबा विसरले म्हणून मी द्यायला गेले, तर पेट्यांवर काळ्या रंगानं छापलेलं, हॅम्बुर्ग, मोम्बासा, जेबेल अली. मी विचारलं, "दादा, ह्या कुठं जातात?" दादा म्हणाले, "गेटपर्यंत." खरंच होतं त्यांचं, त्यांची जबाबदारी गेटपर्यंतच. पण माझ्या डोक्यातून ते गेट जाईना. गेटच्या पुढं काय होतं, पेटी कोण उतरवतं, तो काय बोलतो, पैसे कोणत्या नोटांत मोजतो... हे ज्यांना माहीत असतं त्यांच्यात मला बसायचं होतं, एका खुर्चीवर, कोपऱ्यातली असली तरी चालेल. बी.कॉम. झाल्यावर पोरी एकतर टायपिंगला जातात नाहीतर सासरी, आणि मला जायचं होतं गेटच्या पुढं. ह्या एवढ्याशा इच्छेची किंमत, तुम्हाला सांगते, सत्तर हजार रुपये. पुण्यात दोन वर्षं, आंतरराष्ट्रीय व्यापाराची पदवी, त्यात फी, होस्टेल, पुस्तकं, आणि 'व्यक्तिमत्त्व विकास' म्हणून एक वेगळी रक्कम, त्यातच बहुतेक तो टाय येत असावा.

सत्तर हजार आमच्याकडं कुठले? बँकेचे मॅनेजर म्हणाले, देतो की, आजकाल शिक्षणाला देतो आम्ही, सतरा टक्के, पाच वर्षं, महिन्याला हप्ता सतराशे चाळीस, फक्त जामीनदार आणा. आणि जामीनदार म्हणजे नुसता चालता-बोलता माणूस नको त्यांना, भिंती असलेला माणूस पाहिजे. तशा भिंती आमच्यात एकट्या तात्यांकडं. तात्यासाहेब, दादांचे थोरले भाऊ, लासूर स्टेशनला मोंढ्यात त्यांचा अडतीचा गाळा, शेतकऱ्यांचा माल विकून देतात आणि वरचे दोन पैसे राखतात. त्याच गाळ्यावर त्यांच्या घरातली पाच तोंडं खातात, आणि तोच गाळा आता माझ्या पदवीला बांधायचा.

तात्या तयार झाले. मला वाटलं होतं ओरडतील, तर नाही. मला म्हणाले, "गीते, मी जलमभर माल गाडीत चढवला. गाडी हालली की माझा धंदा संपला. पुढं कुठं गेला, कुणी खाल्ला, मला नाय म्हाईत. तू बघून ये, आन मला सांग." म्हणजे बघा, त्यांच्या डोक्यातही ते गेट होतंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. माणूस ओरडला की त्याचं घेणं सोपं जातं, असं मायेनं दिलं की छातीवर बसतं.

मग त्या संस्थेचे साहेब पुण्याहून आमच्या शहरात आले, क्रांती चौकाजवळच्या हॉटेलात हॉल घेतला, पडद्यावर जहाजं दाखवली. साहेब स्वतः सफारीत. म्हणजे आंतरराष्ट्रीय म्हणणारा माणूस सफारीत आणि टाय फक्त पुस्तकात, मी लगेच मनात नोंद केली. साहेब म्हणाले, "देखिए, इंटरनॅशनल बिझनेस में स्काय इज द लिमिट." पाठीमागच्या रांगेतून तात्या उठले. "म्हंजी किती?" साहेब म्हणाले, "जी?" तात्या म्हणाले, "आभाळ म्हंजी नक्की किती? आकडा सांगा ना." साहेब हसले, "ॲव्हरेज आठ हजार." सरासरी! आता मी बी.कॉम. आहे हो, सरासरी काय चीज असते ते मला विचारा. तात्यांकडं दोन म्हशी आहेत, आमच्याकडं एकही नाही, म्हणजे सरासरीनं रोज सकाळी आमच्या उस्मानपुऱ्यात मी एक म्हैस धुवायला पाहिजे. कुठाय ती म्हैस?

पण खरी मजा पुढं झाली, मजा कसली, मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. आमच्याकडं बाजारात भाव तोंडानं करत नाहीत, निदान तात्यांच्या पिढीत तरी नाही. दोघांनी हात पुढं करायचे, वरून उपरणं टाकायचं आणि आत बोटांनी बोलायचं. तीन बोटं धरली तर तीन, पंजा दाबला तर पाच, बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. हात दाबून धरला तर पटलं, काढून घेतला तर मोडलं. आणि उपरण्याखाली पटलेलं पुन्हा फिरवायचं नाही, तिथं कागद लागत नाही की सही लागत नाही. तर कार्यक्रम संपला, साहेब चहाचा कप ठेवून वळतात तोच तात्यांनी त्यांचा उजवा हात धरला आणि वरून उपरणं टाकलं. साहेबांचा चेहरा असा झाला, की आपल्याला लुटतायत की आशीर्वाद देतायत? तात्यांनी आत बोटं चालवली. साहेब म्हणाले, "हां हां, शुअर शुअर," आणि हात हलवला, त्यांना आपलं वाटलं शेकहँड. तात्या विजयी होऊन आले. "होस्टेलचं पाच हजार तोडलं. कबूल झाला."

पुण्याहून फीचं पत्रक आलं तर एक रुपया कमी नाही. सगळे सत्तर. तात्यांनी ते पत्रक दोन दिवस खिशात घालून हिंडवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "उपरन्याखालचा शबुद फिरवला त्यानं. आमच्या मोंढ्यात असल्याला कुणी पानी पाजत नाय." मी म्हटलं, "तात्या, त्यांना ती रीत माहीतच नसेल." तर म्हणाले, "आंतरराष्ट्रीय म्हनतोय ना? मग लासूर टेसन राष्ट्रात नाय व्हय?" एवढं होऊनही जामीन राहायची तयारी कायम, कारण शब्द मला दिला होता ना, साहेबाला नाही.

मी मात्र हिशोबाला बसले. वाळूजला दादांच्या कंपनीत एक्सपोर्टवाले साहेब आहेत, त्यांना दादांकरवी विचारलं, की हीच पदवी घेऊन आलेल्याला तुम्ही काय देता? उत्तर आलं, "अठराशे. पुढचं पुढं बघू." अठराशे. हप्ता सतराशे चाळीस. म्हणजे मी महिनाभर जगाशी व्यापार करणार आणि माझ्या हातात उरणार साठ रुपये. दादा म्हणाले, "साठ तर साठ. शिल्लकच पडतेत ना? तोटा तर नाय." आई म्हणाली, "आणि मधेच लग्न ठरलं तर हप्ता कोण भरणार, आपण का तिचं सासर?" दादा म्हणाले, "वरपक्षाला आधीच सांगायचं." आता डोळ्यांसमोर आणा तुम्ही. पोहे आलेत, पाहुणे बसलेत, आणि दादा सांगतायत, मुलगी गोरी आहे, सुगरण आहे, आणि सतराशे चाळीस आहे.

तसं सगळ्यांचं म्हणणं होतं, जग उघडलंय आता, वाळूजला दर महिन्याला नवी चिमणी उभी राहते, अठराशेचे अठरा हजार व्हायला कितीसा वेळ. असेल. होतही असेल. पण मी रात्रंदिवस तो पुस्तकातला फोटो बघायचे आणि टाय तोच.

मग अर्ज भरायला घेतला, तर पहिल्याच पानावर रकाना, 'पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव', म्हणजे माझ्या बी.कॉम.चं. आणि दिवस कोणते? संक्रांतीच्या आधीचा आठवडा, चौऱ्याण्णव साल, आपल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देणार, नाही देणार, आज देणार, उद्या देणार, चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या, एसटी कधी चालू कधी बंद, दुकानदार शटर अर्धं ओढूनच बसलेले. दादा म्हणाले, "पेन्सिलनं लिही. चार दिवसांत काय होतंय बघू." आता बोला, आख्ख्या पदवीवर सत्तर हजार उचलायचे आणि ती पदवी कुणाची ते पेन्सिलनं लिहायचं.

तेवढ्यात मुक्ता आली. मुक्ता म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण, बाकावर शेजारी बसायची, तिचा भाऊ नामांतराच्या मोर्च्यात धरला गेला होता. तिला मी टायचं सगळं सांगितलं, डागासकट. ती ऐकत राहिली, चहा पीत राहिली, आणि मग म्हणाली, "गीता, अठ्ठ्याहत्तर साली ह्याच नावावरून आमचं गावातलं घर जळालं. मी चार वर्षांची होते. आईनं मला गोधडीत गुंडाळून शेतातून पळवलं. सोळा वर्षं आम्ही एक नाव मागतोय, आणि तू एका टायला भितेस?" एरवी कपबशी वाजली तरी दचकणारी मी, पण तेव्हा दचकले नाही, नुसती खाली बघत राहिले, कारण आमच्या गावातलं कुठलंच घर त्या साली जळालं नव्हतं. जळालेल्या घरांबद्दल आमच्याकडं कुणी बोलतही नव्हतं. मुक्तानं अर्ज ओढला, स्वतःचं पेन काढलं आणि रकान्यात बाबासाहेबांसकट पूर्ण नाव शाईनं लिहिलं. म्हणाली, "घे. आता खोडता येणार नाही." तात्यांनी नंतर तो अर्ज बघितला, त्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. मी म्हटलं आता काय होतंय. तात्या म्हणाले, "अक्षर चांगलं हाय पोरीचं. गावात बोलू नको," आणि पान उलटलं. तेवढंच. तेवढं पुरेसं नव्हतं, हे मला कळत होतं, पण मीही बोलले नाहीच.

जाताना मुक्ता एक कामाची गोष्ट सांगून गेली. "त्या चौघांतल्या एकाला फोन लाव ना. तुला खरंच काय मिळतं, असं सरळ विचार." बघा, मला सुचलं नव्हतं हे. आता हॅम्बुर्गला फोन लावायचा तर दुसरं कर्ज काढावं लागेल. पण चौथा होता ना, पुण्याचा, स्वतःचा आंतरराष्ट्रीय व्यवसायवाला, नाव त्रिंबक, आणि चौघांत एकट्या त्याच्याच खाली फोन नंबर.

तर तेव्हापासून मी गल्लीच्या तोंडावरच्या एसटीडी बूथमध्ये. बूथवाले चाचा भले माणूस, पण शटर अर्धं, त्यामुळं आत वाकून जायचं, आणि मी वाकले की मागून कुणीतरी शटरला धक्का द्यायचं आणि मी चाचांच्या टेबलावर. नंबर फिरवला की ती बाई, "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं, कृपया थोड़ी देर बाद डायल करें." काय आवाज. न थकता, न चिडता, आख्ख्या देशाशी बोलते. तिला कुणी विचारलं असेल का, बाई तुमची पदवी कुठली आणि हप्ता किती? चाचा म्हणायचे, "बेटी, कायकू जान खपा रई? नाम के लफड़े में सब लाइना जाम है. दोपहर कू आव." दुपारी जायचे, तर लाईन लागायची, घंटी जायची, जायची, जायची, आणि कुणी उचलायचं नाही. संध्याकाळी पुन्हा ती बाई. हळूहळू गल्लीत झालं, मी दिसले की चाचा लांबूनच, "क्या हुआ, टायवाला उठाया क्या?" दूधवाला विचारायचा, टायवाला उठाया का. आई म्हणाली, "अगं, पोरगी रोज कुणा टायवाल्याला फोन लावते, असं झालं तर लग्न खरंच व्हायचं नाही." आणि इकडं अर्जाची मुदत सरत आली आणि टाय तोच.

शेवटच्या दिवशी तात्या आले. एसटी बंद म्हणून जीपमध्ये मागं लटकत, धुळीनं पांढरे होऊन. दोन वाजता बँकेत सही. गाळ्याचे कागद पिशवीत, आणि पेन कानावर, टोपण आधीच काढलेलं, म्हणजे सही करताना शोधत बसायला नको. ते बघून मला रडूच आलं. मी म्हटलं, "तात्या, एकच फोन. शेवटचा. नाही उचलला तर देऊ सही." तात्या म्हणाले, "चल. मी पन येतो. मानूस काय बोलतो ते बघू."

आता त्या काचेच्या खोक्यात एक माणूस मावतो आणि तोही दम धरून. त्यात मी आणि तात्या. मी विचारायचे प्रश्न डाव्या तळहातावर लिहून आणले होते, पगार किती, पहिली नोकरी कधी, कर्ज होतं का, फिटलं का. उजव्या हातात रिसीव्हर घेतला, तेवढ्यात तात्यांनी डावा हात धरला आणि वरून उपरणं टाकलं. म्हटलं, "हे काय?" तर हळूच म्हणाले, "आकडा तोंडानं काढू नको. भाईर मान्सं हायेत. बोटानं सांग." माझे सगळे प्रश्न गेले उपरण्याखाली, तात्यांच्या मुठीत. चाचांनी नंबर फिरवला. घंटी जायला लागली. वर मीटरचं लाल शून्य माझ्याकडं बघतंय, बाहेर कुठंतरी घोषणा चालल्यात, कुठल्या बाजूच्या ते कळत नाही, तात्यांच्या कानावरच्या पेनाची निब माझ्या डोळ्यापासून एवढ्याशा अंतरावर, आणि घंटी जातेय, जातेय... मी ठेवणारच होते. देवाशप्पथ ठेवणारच होते.

आणि खट्.

"हॅलो, फोटो स्टुडिओ. पासपोर्ट, व्हिसा, तासाभरात मिळतील. बोला."

मी म्हटलं, "त्रिंबक... त्रिंबक आहेत का?"

"मीच. किती कॉपी?"

मला काही म्हणजे काही आठवेना. प्रश्न मुठीत, मूठ उपरण्यात. आणि माझ्या तोंडातून निघालं, "तो तपकिरी टाय... अजून आहे का हो?"

"आहे की ताई. आमच्या आख्ख्या बॅचनं हाच घातलाय. भाडं पाच रुपये, कोट धरला तर दहा."

तात्यांनी आत बोट दाबलं, किती? मी पंजा दोनदा दाबला. तात्यांच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडलं, दहा हजारांचं. ते मला बघवेना. मी म्हटलं, "दहा रुपये, तात्या. कोटासकट."

तात्यांनी फोनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग मोकळ्या हातानं कानावरचं पेन काढलं, खिशातून टोपण शोधलं, दातात धरून लावलं आणि पेन आत ठेवून दिलं. उपरण्याखालचा हात मात्र काढून घेतला नाही, उलट दाबून धरला. मीटर पळत होतं.

मग म्हणाले, "दहा लई होत्यात. सातला सोडतो का विचार."

काय करणार? विचारलं.